एक्स्प्रेस तिकीट न काढता इमॅजिका: साताऱ्याहून जाणाऱ्यांसाठी रांगेचा हिशोब

साताऱ्यातून खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला निघालेल्या माणसाला तीन सल्ले हमखास मिळतात. एक्स्प्रेस तिकीट काढल्याशिवाय काही खरं नाही. आत गेलात की आधी सगळ्यात मोठी राइड उरका. आणि रांग छोटी दिसली की लगेच घुसा. पहिला सल्ला खर्चिक आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसरा साफ चुकीचा आहे. घरातली, गल्लीतली आणि पुण्यातली भाचरं घेऊन मी दरवर्षी जाते. जादा पैसे भरून छोट्या रांगेतून सोडणारं ते तिकीट न काढता दिवस छान जातो, पण त्यासाठी रांग वाचता यायला हवी. ते कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

दिवस

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून द्या. मुंबई आणि पुणे दोन्हींकडून गर्दी येते, त्यामुळे रविवारी तुम्ही कितीही हुशारी केलीत तरी फार फरक पडत नाही. रविवारशिवाय जमतच नसेल तर मुकाट्याने एक्स्प्रेस तिकीट काढा. हे मी मनापासून सांगते. नाहीतर दिवसभर उन्हात उभं राहून चार राइड होतील आणि पोरं परत नाव काढणार नाहीत.

नोव्हेंबर ते जानेवारीत आडवारीही शाळांच्या सहली असतात. त्याला घाबरायचं कारण नाही. एकाच रंगाच्या टोप्या घातलेली शंभर मुलं एका राइडकडे निघाली, की आपण बरोबर विरुद्ध दिशेला जायचं. सहल कळपाने फिरते, त्यामुळे ती जिथून नुकतीच उठली तिथे थोडा वेळ मोकळं मिळतं. शिवाय त्यांना परतीचा पल्ला असतो, दुपार कलली की बसेस भरायला लागतात.

पावसाळ्यात आडवारी गर्दी सगळ्यात कमी. जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, पण छताखालच्या चालू असतात. छत्री नको, रेनकोट घ्या.

प्रवास

साताऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे चार तास. खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूर, नवले पूल, मग एक्स्प्रेस-वेवरून बोरघाट उतरून खोपोलीला बाहेर पडायचं आणि पालीचा रस्ता धरायचा. पहाटे चारला निघून थेट पोहोचणारे असतात. त्यांची मुलं अकरा वाजता पेंगतात आणि गाडी चालवणारा दोन वाजता बाकड्यावर आडवा होतो. आदल्या दिवशी पुण्यात आत्याकडे, मामाकडे, जिथे हक्काने जाता येईल तिथे मुक्काम टाका आणि सकाळी साडेसहाला निघा.

पार्क उघडायची वेळ हंगामाप्रमाणे बदलते. ती आदल्या दिवशी पाहा आणि त्याआधी पाऊण तास पार्किंगमध्ये असा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, जे काही आणलं असेल ते गाडीतच पोटभर खा. पोट भरलेलं असलं की एक वाजता रेस्टॉरंटच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

चप्पल नको, पट्ट्याचे सँडल किंवा बूट. मुलांची उंची घरीच सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा. अर्धा तास उभं राहिल्यावर दारात पट्टी लावली आणि दोन बोटं कमी पडली, की जे रडणं सुरू होतं त्याला औषध नाही.

रांग वाचणे

मला स्वतःला ही पायरी जमायला वेळ लागला. बाकी सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे थांबून वाचा.

पहिली गोष्ट, रांगेची लांबी डोळ्यांवर विश्वास ठेवून ठरवायची नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको: बाहेर दिसते ती शेपटी, खरी रांग आतल्या कठड्यांमध्ये वळसे घेत असते. दारात वीस माणसं दिसतात म्हणून शिरता आणि आतल्या अंधाऱ्या दालनात दोनशे निघतात. शिरण्याआधी राइडला एक फेरी मारा, आतले वळसे कुठून दिसतात ते शोधा. दिसत नसतील तर बाहेर पडणाऱ्या माणसाला सरळ विचारा, "किती वेळ लागला?" लोक खरं सांगतात. दारातल्या कर्मचाऱ्याला विचारलंत तरी चालेल, फक्त "गर्दी आहे का?" असं विचारू नका. "आत वळसे किती भरलेत?" असं विचारा, म्हणजे उत्तर उपयोगाचं मिळतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रांग किती लांब आहे यापेक्षा ती किती वेगाने गिळली जाते हे बघायचं. घड्याळ लावा. एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात आणि एका फेरीत किती माणसं बसतात, एवढेच दोन आकडे लागतात. समजा गाडीत २४ जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी गाडी सुटते. तासाला २० फेऱ्या, ४८० माणसं. पुढे २४० जण असतील तर अर्धा तास. आता शेजारच्या उंच मनोऱ्यावर एका वेळी १२ जण बसतात आणि फेरीला ४ मिनिटं लागतात असं धरा. तासाला १५ फेऱ्या, १८० माणसं. तिथे ९० जण उभे असले तरी अर्धा तासच लागतो. डोळ्यांना एक रांग दुसरीच्या निम्म्याहून कमी दिसते, वेळ मात्र तेवढाच. छोटी रांग दिसली की घुसा, हा सल्ला इथे फसतो.

मोजताना खुर्च्या मोजू नका, बसलेली माणसं मोजा. चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक खुर्ची रिकामी जाते. कर्मचारी "कोणी एकटं आहे का?" असं ओरडतो तेव्हा तुमच्यातल्या धीट पोराने हात वर करावा, चार फेऱ्या आधी बसायला मिळतं.

तिसरी गोष्ट, एक्स्प्रेसवाल्यांची रांग. ती जिथे साध्या रांगेला मिळते तिथे दोन मिनिटं उभं राहून पाहा. वरच्याच उदाहरणात प्रत्येक फेरीच्या २४ जागांतल्या ८ तिकडे गेल्या तर तुम्हाला उरल्या १६. तासाला ३२० माणसं. तीच २४० जणांची रांग अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाची झाली. आडवारी एक्स्प्रेसची रांग जवळपास रिकामी असते, म्हणून त्या दिवशी ते तिकीट काढणं म्हणजे नसलेल्या गर्दीचे पैसे भरणं. गर्दीच्या दिवशी नेमकं उलटं होतं: तिकीट काढणारे वाढतात आणि साधी रांग आणखी हळू सरकते.

कुठल्याही देशातल्या पार्कात हेच चालतं. अमेरिकेतल्या डिस्नेने १९९९ मध्ये वेळ राखून ठेवायची सोय आणली तेव्हा ती फुकट होती. पुढे ती विकतची झाली आणि जुलै २०२४ पासून ऑरलँडोच्या पार्कांमध्ये काही दिवस आधीच वेळा धरून ठेवता येतात. मुलाकडे अमेरिकेला गेलेले आईवडील तिथे राखीव वेळेशिवाय उभे राहिले तरी हाच हिशोब करायचा, फक्त तिथे राखीव रांगेला जाणाऱ्या जागा जास्त धरायच्या.

चौथी गोष्ट, रोलर कोस्टरवर किती गाड्या चालू आहेत ते बघा. एकच गाडी असेल तर ती फिरून येईपर्यंत फलाट रिकामा असतो. दोन असतील तर एक रुळावर असताना दुसरीत माणसं बसतात आणि रांग खूप भराभर सरकते. रुळाचे टप्पे पाडलेले असतात, पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही, त्यामुळे दोन गाड्या असण्यात धोका काही नाही. कमी गर्दीच्या दिवशी सकाळी एकच गाडी चालू असू शकते. रांग वाढली की दुसरी लावतात. म्हणून एकच गाडी धावताना दिसली तर पुढे जा आणि तासाभराने परत या.

एवढं मोजायला पाच मिनिटं लागतात. मोजून झालं की कठोर व्हा. आमचा नियम असा: हिशोब अर्ध्या तासाच्या वर गेला की शिरायचं नाही, राइड कुठलीही असो. पोरं हट्ट करतात, "पण आता आलोच आहोत ना" असं मोठेही म्हणतात. ऐकू नका. चाळीस मिनिटांच्या एका रांगेच्या बदल्यात पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन राइड होतात आणि पाणी प्यायला वेळ उरतो.

आणि एक सांगून ठेवते. एकाने रांगेत उभं राहायचं आणि त्याचा नंबर जवळ आला की "आमचं माणूस पुढे आहे" म्हणत आठ जणांनी कठडे ओलांडून जायचं, हे करू नका. मागच्या माणसानेही वेळ मोजून उभं राहायचं ठरवलेलं असतं. मुलांसमोर तर मुळीच नको.

क्रम

गेट उघडल्यावर अख्खी गर्दी नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरकडे धावते. तुम्ही पहिल्या पन्नासात असाल तर तुम्हीही जा. नसाल तर त्या लोंढ्यात शिरू नका. तो पहिला तास कमी माणसं बसणाऱ्या राइडवर घालवा: उंचावरून खाली सोडणारा डेअर टू ड्रॉप, मोठा झोका स्क्रीम मशीन, लहान मुलांची छोटी खेळणी. दुपारी यांच्या रांगा सगळ्यात रटाळ होतात. त्या आधी उरकून टाकल्या की दिवस हलका होतो.

त्यानंतर अंधारातला रोलर कोस्टर डीप स्पेस आणि घरातल्या सगळ्यांना झेपणारा कोस्टर गोल्ड रश एक्स्प्रेस, हिशोबात बसतील तसे.

बारा ते चार या वेळेत उघड्यावर उभं राहू नका. खुर्चीत बसून आकाशातून भारत दाखवणारा आय फॉर इंडिया आणि बाकीचे चित्रपटगृहासारखे खेळ यासाठीच आहेत. इथे माणसं एकदम मोठ्या संख्येने आत घेतात, त्यामुळे लांबलचक रांग एका दमात संपते. फक्त दोरी कुठे पडते ते बघा. एका खेळाला ८० जण घेत असतील आणि तुम्ही ८५वे असाल, तर पूर्ण एक खेळ थांबावं लागेल. अशा वेळी बाजूला बसून पाणी प्या आणि पुढच्या खेळाला पुढे उभे राहा. आजी-आजोबांना इथेच आणा, त्यांना गारवा मिळतो आणि बसायलाही मिळतं.

राजासॉरसची होडी शेवटी पाण्यात आपटते आणि भिजवते. ती या गार दालनांच्या नंतर, साधारण साडेतीनला घ्या, म्हणजे उन्हात कपडे वाळतात. ओल्या कपड्यांनी एसीत बसलं की लहान मुलं दुसऱ्या दिवशी आजारी पडतात असा माझा अनुभव आहे. रांगेत पोरांना सांगायला एक गोष्ट: राजासॉरस हा डायनासोर खरा आहे. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. आमच्याकडची पोरं हे ऐकल्यापासून होडीत बसल्यावर त्यालाच शोधतात.

जेवण अकराला किंवा साडेतीननंतर. एकला नाही.

शेवटचा तास

बहुतेक लोक इथे घाई करतात. पाच-साडेपाचला पाय दुखायला लागतात, सहली निघालेल्या असतात, पुण्या-मुंबईचे लोक गाडी काढतात. सकाळी सोडलेली नायट्रो आता घ्यायची. सुमारे ४० मीटर उंची, पायाखाली तळ नाही, पाच वेळा उलटं व्हायचं, आणि संध्याकाळी रांग इतकी ओसरलेली असते की मोठी पोरं उतरून पुन्हा बसतात. रांग बंद करायची वेळ दारात विचारून घ्या. ती पार्क बंद व्हायच्या थोडी आधी असू शकते.

त्या तासासाठी मुक्काम हवा. खोपोलीत, लोणावळ्यात किंवा परत पुण्यात. रात्रीच साताऱ्याला परतायचंच असेल तर गाडी चालवणाऱ्याने चारनंतर एकही राइड घेऊ नये. आय फॉर इंडिया झालं की त्याला सावलीत दोन तास झोपू द्या, मुलांकडे दुसऱ्या कोणी बघावं. बोरघाट चढून वर आल्यावर एकदा आणि खेड-शिवापूरच्या अलीकडे एकदा चहाला थांबा, आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही.