मॉन्टेरेच्या उपसागरात देवमासे पाहायला जाताना

कॅलिफोर्नियातील सॅन होजे, फ्रीमाँट या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आई-वडील आले की सहलींच्या यादीत मॉन्टेरे हे समुद्रकाठचे गाव बहुधा असतेच. तिथल्या फिशरमन्स व्हार्फ या धक्क्यावरून आणि जवळच्या मॉस लँडिंगहून देवमासे दाखवणाऱ्या बोटी वर्षभर सुटतात. किनाऱ्यालगतच समुद्रतळाशी एक प्रचंड दरी सुरू होते. वसंतापासून वाहणाऱ्या वायव्येच्या वाऱ्यांमुळे खोलातले थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि अँचोवी (छोटे मासे) पोसतात आणि त्यांच्या मागावर देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात.

तारीख ठरवण्याआधी कोणता देवमासा पाहायचा हे ठरवावे. डिसेंबर ते एप्रिल या काळात अलास्का आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान ये-जा करणारे ग्रे व्हेल (करडे देवमासे) दिसतात, तर साधारण एप्रिल ते नोव्हेंबर हंपबॅक या जातीच्या देवमाशांचा काळ असतो. निळा देवमासा उन्हाळ्यात आणि शरदात येतो, पण तो दिसेलच असे धरून चालू नये. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हंपबॅकचा हंगाम निवडावा असे मला वाटते, कारण हे देवमासे पृष्ठभागाजवळ खाताना बराच वेळ पाहता येतात. दुपारी वारा वाढतो, म्हणून तीन-चार तासांची सकाळची फेरी घ्यावी आणि बोटीवर माहिती सांगणारा निसर्गअभ्यासक असल्याची खात्री करावी.

गावात ऊन असले तरी जुलैतही समुद्रावर धुके आणि बोचरी थंडी असते; स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट, कानटोपी आणि न घसरणारे बूट हवेतच. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. ज्येष्ठांची इतर औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी जाऊ नये आणि तळलेलेही खाऊ नये. खाकरा किंवा टोस्ट पुरतो. त्रास झालाच तर केबिनमध्ये आडवे न होता बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला उघड्यावर थांबून क्षितिजाकडे पाहावे.

अभ्यासक दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतो: बारा म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, तीन म्हणजे उजवीकडे. नजर देवमाशाच्या अंगासाठी नव्हे, तर त्याच्या उच्छ्वासाच्या फवाऱ्यासाठी पाण्यावर फिरवावी. ग्रे व्हेलचा फवारा समोरून किंवा मागून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा दिसतो, हंपबॅकचा झुडपासारखा पसरट असतो, तर निळ्या देवमाशाचा सरळ खांबासारखा सुमारे नऊ मीटर चढतो. काही श्वासांनंतर हंपबॅक पाठीची कमान करून शेपूट वर उचलतो आणि खोल बुडी घेतो. त्या जागी पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल उरतो. देवमासा पुन्हा वर यायला काही मिनिटे लागतात, म्हणून लगेच जागा सोडू नये. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक हंपबॅकची वेगळी असते आणि तिच्या स्पष्ट छायाचित्रावरून संशोधक तो देवमासा ओळखू शकतात. तेव्हा फोटो काढायचाच तर शेपटीचा काढावा.

बोटीने देवमाशापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे नव्वद मीटर दूर राहावे असा तिथला दंडक आहे. आणखी जवळ नेण्याचा आग्रह कप्तानाला कधीही करू नये, विशेषतः सोबत पिल्लू असेल तेव्हा. देवमासा आपणहून बोटीकडे आला, तर सगळ्यांनी एकाच कठड्यावर गर्दी न करता आपल्या जागी थांबावे. बोट हळू फिरते आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना तो नीट पाहता येतो.