जुनी, वापरलेली एमजी गाडी क्लबच्या शोला नेताय? या चुका टाळा

थंडी पडायला लागली की आपल्या मुंबईत जुन्या गाड्यांच्या शोची गडबड सुरू होते आणि दरवर्षी कोणीतरी मला विचारतंच, की अरे आमच्या गाडीचा रंग उडालाय, सीटला भेगा गेल्यात, अशी आणली तर बरं दिसेल का. आणा हो, नक्की आणा. चकचकीत करून आणलेल्या गाड्या शोमध्ये भरपूर असतात, पण जिचं स्टिअरिंग हात लागून लागून गुळगुळीत झालंय अशी गाडी कमी दिसते आणि माझ्यासारखे लोक तिच्याचपाशी रेंगाळतात. फक्त तिची तयारी वेगळी असते, आणि चुका होतात त्या तिथेच.

आमच्याकडे १९५१ ची एमजी टीडी आहे, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली, दादरला हिंदू कॉलनीत बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये असते. त्यामुळे लिहितोय ते टीडीवरून, पण त्या काळातल्या बाकी ब्रिटिश टू-सीटरनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

शोच्या आदल्या आठवड्यात पॉलिश

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी केलेली आहे. पहिल्या शोच्या आधी एका डिटेलिंगवाल्याकडे गाडी दिली, त्याने मशीनला कंपाउंड, म्हणजे घासणारी पेस्ट, लावून बॉनेट घासलं आणि कडांवरचा रंग पार प्रायमरपर्यंत गेला. आजोबांच्या हाताखालचा रंग होता तो, परत येणार नाही, आजही तिथे बोट फिरवलं की वाईट वाटतं. त्या काळच्या रंगावर आताच्यासारखा वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसतो, त्यामुळे कंपाउंड थेट रंगच खातं. फडक्याला गाडीचा रंग लागायला लागला की थांबायचं. ओल्या मऊ फडक्याने धूळ काढा, सुकवा, घासणारं काही नसलेलं साधं वॅक्स हाताने लावा, बास. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा, ठिपके निघतात आणि क्रोमला ओरखडे जात नाहीत.

प्रेशर पाइपने धुवायला तर अजिबात देऊ नका. टीडीच्या बॉडीचा पत्रा आतून अॅश लाकडाच्या सांगाड्यावर बसवलेला आहे. सांध्यात पाणी शिरलं की लाकूड कुजतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच एवढा ओलावा असतो की वेगळं पाणी घालायची गरज नाही. दार लोंबत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू लाकडात घट्ट आहेत का बघा. लाकूड खिळखिळं झालं असेल तर सुताराला दाखवा, वरून लांबी भरून रंग मारून घेऊ नका, दोन पावसाळ्यांत ती फुगून बाहेर येते.

सहा महिने उभी गाडी थेट शोच्या सकाळी काढणं

निदान दोन आठवडे आधी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे काय बिघडायचंय ते घराजवळ बिघडेल. सगळ्यात आधी बघायचं ते पेट्रोलचे रबरी पाइप. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं, भेगाळतं आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉलला चालणारे आर-९ दर्जाचे पाइप मागून घ्या. टीडीच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेटखाली बुचाचे वॉशर असतात, गाडी उभी राहिली की ते सुकतात आणि पेट्रोल ठिबकायला लागतं. ठिबकतंय तोवर सेल्फ मारायचा नाही म्हणजे नाही, आणि अग्निशामक सिलिंडर सीटमागे ठेवायचाच.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन वर्षं झाली असतील तर बदला. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका, बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर घालून तरी शोला जाऊ नका.

वाटेत बंद पडली की घाबरून सगळंच उघडणं

आधी इग्निशन ऑन करून इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाचा आवाज ऐका. टीडीत तो बॉनेटखालीच आहे. चार-पाच वेळा टिकटिक करून थांबला तर पेट्रोल पोचतंय, मग डेल्कोकडे, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे वळा, त्यातले पॉइंट आणि कंडेन्सर बघा. भराभर टिकटिक चालूच राहिली तर एकतर पेट्रोल संपलंय, किंवा पाइप हवा घेतोय, किंवा उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ झालीये, अशा वेळी बॉनेट उघडं ठेवून वीस मिनिटं थांबा. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका, बहुतेक वेळा पंप जागा होतो. ठोकूनही गप्प राहिला तर त्याच्यापर्यंत करंट येतोय का बघा. आणि पेट्रोल संपलंय का हे काट्यावर बघू म्हणाल तर टीडीला पेट्रोलचा काटाच नाही, फक्त कमी झालं की लागणारा दिवा आहे, म्हणून मी टाकीत घालायला खुणा केलेली लाकडी पट्टी ठेवतो.

जंप स्टार्ट द्यायला कोणी धावून आलं तर त्याला आधी थांबवा! या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला. आजकालच्या सवयीने कोणी मायनस बॉडीला लावलं तर डायनमोची पोलॅरिटी उलटते, अँमीटर उलटा चालतो आणि मोबाइल चार्जर वगैरे काही बसवलं असेल तर तेही जळतं. मी बॅटरीच्या झाकणावर मराठीत मोठ्ठं लिहून ठेवलंय, 'प्लस बॉडीला'.

पान्यांचंही तसंच. टीडीच्या १२५० सीसी इंजिनचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची आहेत, त्यामुळे आपला नेहमीचा मिलिमीटरचा सेट जवळपास बसतो आणि जोर लावला की डोकं गोल करून टाकतो. व्हिटवर्थचे चार-पाच पाने तरी स्वतःचे ठेवाच, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात चिकाटीने शोधलं तर मिळतात.

रस्ता न ठरवता निघणं

फोर्टला हॉर्निमन सर्कलच्या बाजूला जायचं असेल तर कोस्टल रोड मोहात पाडतो, समुद्र, मोकळा रस्ता, फोटो. पण मलबार हिलखालचा बोगदा दोन किलोमीटरचा आहे आणि तिथे गाडी बंद पडली तर तुमच्यासकट सगळ्यांचे हाल. मी पहाटे साडेपाचला निघतो आणि आंबेडकर रोडने परळ, लालबाग, भायखळा असा जातो, तेही फ्लायओव्हरवर न चढता खालून. जरा हळू होतं, पण कुठेही बाजूला घेता येते आणि चहा मिळतो.

कागद विसरू नका. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीची २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. शो, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

शोमध्ये गाडी लावून निघून जाणं

इंजिनखाली ट्रे ठेवा, एमजी ऑइल टाकणारच, आयोजकांची फरशी खराब करू नका. बाकी गाडीपाशी थांबा. जुनी बिलं, आजोबांचा गाडीबरोबरचा फोटो, कुठला पार्ट कधी बदलला ते एका वहीत लिहून समोर ठेवा, लोक उभे राहून वाचतात. सीटची भेग टॉवेलने झाकू नका. गेल्या खेपेला एक आजी नातीला घेऊन आल्या, म्हणाल्या आमच्या शेजाऱ्यांकडे गिरगावात अशीच होती, बसू का जरा. बसल्या, नातीला मांडीवर घेतलं, आणि त्या फाटक्या सीटवरून त्यांना उठवायची मला काही घाई नव्हती.

घरी आल्यावर लगेच कव्हर घालायचं नाही, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. खारा वारा लागलेला असतो म्हणून क्रोम आणि मडगार्डच्या आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, आणि कव्हर सुतीच वापरा, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली रात्रभर घाम धरतो.