क्रँक प्रेसला देण्याआधी एक रेघ

कनेक्टिंग रॉडचं किट बदलून आणलेला क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा इंजिनचा शाफ्ट) बसवला आणि गाडी थरथरू लागली, तर बहुतेक वेळा त्याचे दोन्ही वेब, म्हणजे रॉडच्या दोन बाजूंच्या जाड चकत्या, एका रेषेत नसतात. निपाणी-खानापूरकडून क्रँक बेळगावच्या उद्यमबागेत प्रेसला (पिन दाबून काढायला-बसवायला) पाठवत असाल, तर यातल्या पहिल्या दोन गोष्टी आधी घरीच करा; पुढचं प्रेसवर बघून घ्या.

१. पिनपासून (रॉड जिच्यावर फिरतो आणि जी दोन्ही वेब जोडते) ९० अंशांवर सरळ पट्टी दोन्ही वेबच्या कडांवर टेकवा आणि स्क्रायबरने (टोकदार सुईने) एकच बारीक रेघ ओढा. मार्करची रेघ डिझेलने धुताना जाते.

२. वेबच्या बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा, कागद क्रँकलाच बांधा. प्रेस करताना तेवढीच रुंदी ठेवायची, म्हणजे रॉडचा साइड प्ले (बाजूला सरकायची मोकळीक) जागेवर येतो.

३. नवी पिन एका वेबमध्ये बसली की शाफ्टच्या ऑइल होलमधून ऑइल कॅनने तेल मारा. पिनच्या भोकातून ते बाहेर आलंच पाहिजे. पिन जराशी फिरली तरी भोक झाकतं आणि नवं बेअरिंगही थोड्याच दिवसांत जळतं. ही चूक सगळ्यात जास्त होते.

जोडल्यावर रेघ जुळवून घ्या, मग क्रँक व्ही-ब्लॉकवर (V खाचेच्या आधारांवर) ठेवून डायल गेज लावा; फिरवताना शाफ्ट किती डुलतो ते त्यात दिसतं. दोन्ही टोकांना ०.०३ मिमीच्या आत आलं तर उत्तम. जास्त असेल तर तांब्याच्या हातोडीने वेबच्या कडेवर ठोका, शाफ्टवर कधीच नाही.

पिन घट्ट राहावी म्हणून टॅक (वेल्डिंगचा ठिपका) मारायचा असेल, तर डायल जुळल्यानंतरच, अगदी छोटा. अर्थिंगचा क्लॅम्प त्याच वेबला लावा. रॉडला लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन रोलरवर खड्डे पाडू शकतो. थंड झाल्यावर डायल पुन्हा बघा.