भूकंप, सुरुंग की अणुस्फोट? बेळगाव परिसरात भूकंपमापक ठेवून नोंद कशी वाचावी

जमिनीची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा ४.५ हर्ट्झचा जिओफोन, त्याचा क्षीण विद्युतसंकेत अंकांत बदलणारे २४ बिटचे कार्ड आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक एवढ्या सामग्रीवर सेकंदाला १०० नोंदी घेणारे भूकंपमापन केंद्र शाळेत किंवा घरी उभे करता येते. हजारो किलोमीटरवरच्या मोठ्या भूमिगत अणुस्फोटाचा धक्का असे केंद्र टिपू शकते. मात्र तो धक्का स्फोटाचा होता हे ओळखण्यासाठी नजर तयार व्हावी लागते. त्यासाठी लागणारी दोन्ही साधने, म्हणजे खाणींतले सुरुंग आणि कोयनेचे धक्के, आपल्या भागात भरपूर आहेत.

सर्वांत जास्त काळजी जागेची घ्यावी. निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर ठेवलेला जिओफोन हळूहळू कलतो आणि त्याची नोंद बिघडते. म्हणून माती उकरून खालच्या काळ्या कातळापर्यंत जावे आणि तेथेच सिमेंटचा लहान चौथरा घालावा. हा चौथरा इमारतीच्या पायाला चिकटू देऊ नये. बेळगाव-खानापूरकडे जांभा असेल तर सुटा, भुसभुशीत थर काढून टाकून घट्ट थरावर बसवावे. जवळच्या विहिरीवर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेणारी मोटर असेल, तर नोंदीच्या वर्णपटात (कोणत्या वारंवारतेची हालचाल किती, हे दाखवणाऱ्या आलेखात) २४ हर्ट्झवर सरळ रेघ दिसते. पिठाची गिरणीही अशीच आपली खूण उमटवते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता रात्रभर हलत असतो, हेही ध्यानात असावे. वेळ जीपीएसवरून घ्यावी, कारण वेळ चुकली तर पुढचे सगळे गणित फोल ठरते.

मग कोयनेच्या धक्क्याची वाट पाहावी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि त्यानंतर त्या टापूत लहान धक्के होतच राहिले. नोंदीत आधी जमीन पुढेमागे ढकलणारा वेगवान पी तरंग येतो, नंतर तिला आडवी हलवणारा, बहुधा त्याहून मोठा एस तरंग येतो. या दोहोंमधील सेकंदांना ८ ने गुणले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. कोयना निपाणीहून सरळ रेषेत सुमारे १३० किमी असल्याने हा फरक १६ सेकंदांच्या आसपास, तर बेळगाव शहरातून सुमारे २४ सेकंदांचा यावा.

खडीच्या खाणीतील सुरुंगाचे रूप निराळे असते. तो दिवसा उडतो, पुन्हा पुन्हा त्याच अंतरावरून येतो आणि त्याच्या नोंदीत एस तरंग पी तरंगाच्या मानाने दुबळा असतो. शक्य तेथे खाणमालकाकडून वेळ विचारून ठेवावी. विहिरीसाठी एकाच भोकात उडवलेला जवळचा सुरुंग तर फारच उपयोगी पडतो. स्फोट जमिनीला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो, त्यामुळे त्याची पहिली हालचाल वरच्या दिशेची असते आणि आपल्या जिओफोनच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत का, हे त्यावरून कळते. ही खात्री अत्यावश्यक आहे. भूकंपात काही केंद्रांवर पहिली हालचाल वर आणि काहींवर खाली जाते. म्हणून एकाच केंद्रावरच्या ‘वर’ने काहीच सिद्ध होत नाही, पण स्पष्ट ‘खाली’ दिसली तर साध्या स्फोटाची शक्यता जवळजवळ बाद होते.

दूरच्या स्फोटाच्या सरावासाठी ३ सप्टेंबर २०१७ चा उत्तर कोरियाचा स्फोट घ्यावा. भारतीय वेळेनुसार तो सकाळी ९ वाजता झाला. पुंग्ये-री हे स्फोटस्थळ बेळगावहून सुमारे ५,९०० किमीवर असल्याने पी तरंग येथे पोहोचण्यास सव्वानऊ मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणून त्या दिवशीच्या नोंदीत ९ वाजून ९ मिनिटांनंतरचा भाग पाहावा. आपले केंद्र तेव्हा नसेल तर खुल्या संग्रहातील चीनमधील मुदानच्यांग केंद्राची नोंद ऑब्सपाय या मोफत आज्ञावलीने उतरवून घ्यावी. स्फोटस्थळापासून सुमारे ३७० किमीवरच्या या केंद्राच्या नोंदीत, विशेषतः उच्च वारंवारतेला, पी तरंग ठसठशीत आणि एस तरंग मंद दिसतो. मुख्य धक्क्यानंतर साडेआठ मिनिटांनी आलेला लहान धक्का जमीन खचल्याचा मानला जातो.

दुसरी कसोटी पृष्ठतरंगांची, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या तरंगांची आहे. तेवढ्याच पी तरंगाच्या भूकंपापेक्षा स्फोटाचे पृष्ठतरंग बरेच कमी भरतात. मात्र हे तरंग साधारण २० सेकंद आवर्तकालाचे असतात आणि आपल्या जिओफोनला ते जवळपास ऐकूच येत नाहीत, त्यामुळे ही तुलना असे मंद तरंगही टिपणाऱ्या ब्रॉडबँड केंद्रांच्या नोंदींवरच करावी. खोलीही पाहावी. दहा किलोमीटर खाली नक्की केलेली घटना स्फोट असू शकत नाही, कारण स्फोटासाठी इतके खोल कोणी खणत नाही.

आपल्या राज्यात, बेंगळूरच्या उत्तरेला गौरीबिदनूर येथे, १९६५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापकांची रांग याच कामासाठी आहे. अनेक मापकांच्या नोंदी जुळवल्या की गोंगाट दबतो आणि दिशाही मिळते, जे एकट्या जिओफोनला जमत नाही. तरीही लहान स्फोट मोठ्या यंत्रणांना चकवतात. कठीण कातळात घट्ट बुजवलेला १ किलोटनचा (हजार टन टीएनटीइतक्या शक्तीचा) स्फोट साधारण ४ ते ४.५ परिमाणाचा धक्का देतो. ११ मे १९९८ चे पोखरणचे स्फोट जगभर टिपले गेले, पण १३ मे रोजीचे एक किलोटनपेक्षा लहान स्फोट आंतरराष्ट्रीय केंद्रांच्या नोंदींत सापडले नाहीत.

या साऱ्या कसोट्या पार झाल्या तरी वहीत ‘स्फोट’ एवढेच लिहावे. ‘अणुस्फोट’ लिहिण्यासाठी हवेत झेनॉन-१३३ सारखा किरणोत्सारी वायू सापडावा लागतो. त्याचा अर्धायुष्यकाळ ५.२ दिवसांचा असल्याने तो दूरवर पोहोचू शकतो. ९ ऑक्टोबर २००६ च्या उत्तर कोरियाच्या स्फोटाचा झेनॉन जवळपास दोन आठवड्यांनी कॅनडातील यलोनाइफ येथे सापडला होता.