परसात अनोळखी पक्षी उतरला तर

मे सरत येतो, वळवाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि पहाटे कुठूनतरी दोन सुरांची खणखणीत शीळ येते: ‘व्हीऽट-ट्यू’. हा नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो विणीसाठी उत्तरेकडे निघालेला असतो. प्रवास रात्रीचा, त्यामुळे दमला की कोकणातल्या वाडीत उतरतो, तसाच पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या बागेतही. हिरवी पाठ, पंखावर चमकदार निळा डाग, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. इतका रंगीत पक्षी नजरेतून सुटेलच कसा? पण सुटतो. तो जमिनीवर पाचोळा उलटून किडे शोधत असतो आणि आपण माना वर करून झाडं न्याहाळत असतो.

१. आधी रोजची मंडळी ओळखा. साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, सातभाई, भारद्वाज यांची चाल आणि आवाज अंगवळणी पडले की वेगळं काही आलं तर आपोआप खटकतं. हे टाळून थेट दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागलात तर फसगत ठरलेली. ‘आमच्याकडे ठिपक्यांचा ससाणा आलाय’ असा फोन आला की बहुतेक वेळा ती कोकिळेची मादी असते. नर काळाकुळकुळीत, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके. दयाळाचं पिल्लूही छातीवरच्या खवल्यांमुळे भलतंच काही वाटतं. आणि पांढरी चिमणी किंवा पांढरा बुलबुल दिसला तर ती नवी जात नव्हे, रंगद्रव्य कमी असलेला नेहमीचाच पक्षी. म्हणून काही ती पाहण्याची मजा कमी होत नाही!

२. एक कोपरा झाडू नका. झाडाखालचा पाचोळा तसाच राहू द्या. नवरंगाला तो हवाच, आणि नारिंगी डोक्याच्या कस्तुरालाही. शेजारी उथळ पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवा, मध्ये एखादा खडबडीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. दाण्यापेक्षा पाण्याला जास्त जातींचे पक्षी येतात, कारण किडे खाणाऱ्यांना दाण्याचं काय?

३. दिसला की हलू नका. मोबाइल आणायला आत धावलात की तो गेलाच म्हणून समजा. माझ्या मते फोटो हा शेवटचा उद्योग. पहिलं मिनिट नुसतं बघा, आणि ठरावीक क्रमाने बघा. आकार आधी: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, शेपटी, डोळ्याजवळच्या रेघा. रंग सगळ्यात शेवटी, कारण सावलीत रंग दगा देतात. नवरंग आणि हा कस्तूर दोघेही साधारण बुलबुलाएवढे, दोघेही पाचोळ्यात रमणारे. पण नवरंगाची शेपटी इतकी आखूड की नसल्यासारखीच, तर कस्तुराचं डोकं-पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी आणि आपल्याकडच्या कस्तुराच्या गालावर दोन उभ्या गडद रेघा.

४. पुस्तक उघडण्याआधी लिहून काढा. चित्र एकदा पाहिलं की डोळ्यांनी न पाहिलेल्या खुणाही आठवायला लागतात. तारीख, वेळ, पक्षी जमिनीवर होता की फांदीवर, काय करत होता, एवढं पुरे. मग मर्लिनसारखं अ‍ॅप किंवा पक्ष्यांचं पुस्तक काढा. अ‍ॅपने सुचवलेलं नाव हा अंदाज आहे, निकाल नव्हे. ती जात आपल्या भागात त्या महिन्यात असते का, हे तपासाच. स्वर्गीय नर्तकाच्या बाबतीत आणखी एक घोळ: दुधासारखा पांढरा, लांब रिबिनींचा असतो तो पूर्ण वाढलेला नर. मादी आणि तरुण नर तांबूस असतात.

५. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून तो चवताळतो आणि विणीच्या दिवसांत विनाकारण दमतो. घरटं सापडलं तर जागा कुणालाच सांगू नका, सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

६. पक्षी काचेवर आपटून खाली पडला असेल तर त्याला हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाशी मऊ कापड घालून, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. तासाभरात तरतरी आली तर दिवसाउजेडी झाडीजवळ सोडा. नाहीतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिंजऱ्यात ठेवून घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

७. नोंद करा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकलीत आणि पक्षी तिथे अनपेक्षित ठरला, तर तपशील मागितला जातो. तेव्हा चौथ्या पायरीतलं टिपण जसंच्या तसं उतरवा. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये किमान पंधरा मिनिटं बसून दिसेल तो पक्षी मोजायचा असतो, कावळ्यासकट.