टायर, पॅकिंग टेप आणि मॉपचा दांडा: घरच्या घरी ताइको कसं सुरू करायचं

पथकात चार-पाच सीझन ढोल वाजवला की माणसाला वाटायला लागतं, ताइको, म्हणजे जपानी ढोलवादन, त्यात काय, ढोल उभा करून दोन दांडक्यांनी बडवायचा, झालं. मला पण तसंच वाटलेलं आणि पहिल्या दहा मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. गणपती झाले, नदीपात्रातले मांडव उठले की ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खऱ्या ढोलाचा नाद आधी सोडा. त्यांचा मेन ढोल म्हणजे नागादो, तो अख्खं खोड आतून पोखरून करतात आणि कातडं कडेला खिळ्यांनी ठोकून बसवतात, आपल्यासारखं दोरी ओढून पान ताणायची सोयच नाही. त्यामुळे तो महाग आणि आणायचा कुठून हा वेगळाच ताप. जपानबाहेरचे बरेच ग्रुप टायरवरच प्रॅक्टिस करतात, आपण पण तेच करायचं.

कारचा जुना टायर पंक्चरवाल्याकडे मिळतो, नाही मिळाला तर पुण्यात नाना पेठेत चक्कर मारा. आधी ब्रश मारून साबणाने धुवा, मी आळस केला आणि पांढऱ्या झब्ब्याचं काय झालं ते आईला विचारा. मग बोहरी आळीतून २ इंची पारदर्शक पॅकिंग टेप आणायची आणि टायरच्या तोंडावरून पलीकडे, खालून परत वर, अशी सायकलच्या आऱ्यांसारखी फिरवत न्यायची. एकाने टायर धरायचा, दुसऱ्याने टेप दर वेळी जीव खाऊन ओढायची, पाच-सहा थर तरी होऊ द्या, कंजुषी केली तर ओल्या पापडासारखा भद् आवाज येतो. टायर ठेवायचा उलट्या नाही, सुलट्या रिकाम्या पिंपावर, म्हणजे खालून पोकळी राहते आणि आवाज घुमतो. उंची कमरेच्या जरा खाली.

काठीला बाची म्हणतात. साधारण ४० सेंटीमीटर लांब, दोन-अडीच सेंटीमीटर जाड. मॉपचा लाकडी दांडा कापला की जोडी तयार, फक्त टोकं पॉलिश पेपरने गोल करा नाहीतर पहिल्याच दिवशी टेप फाटते.

आता उभं राहणं. डावा पाय पुढे, गुडघ्यात वाकवलेला, उजवा मागे ताठ, बूड खाली. ढोल कमरेला बांधून चालत वाजवणाऱ्यांना ही सवय नसते, आपण खांद्याने मारतो. इथे हात सरळ वर न्यायचा, तिथून सोडून द्यायचा आणि मनगट सगळ्यात शेवटी. टोल पडला की काठी आपोआप उसळली पाहिजे, दाबून धरली तर आवाज पण मरतो आणि तळहाताला फोड येतात ते वेगळंच.

यानंतरचा भाग लोक गाळतात आणि तिथेच फसतात. काठी हातात घ्यायच्या आधी तोंडाने म्हणायचं. तबल्याचे बोल असतात ना तसंच, त्याला कुची शोगा म्हणतात. ढोलाच्या मध्यावर एक टोल म्हणजे डोन, दोन पटपट टोल म्हणजे डोको, कडेच्या लाकडावर मारलं की का, आणि रिकामी जागा असेल तर सु. (मी पहिल्यांदा वहीत ‘दोन’ लिहिलेलं, आमचा एक मेंबर प्रत्येक दोनला दोनदा मारायचा, तेव्हापासून डोन.)

पहिला ठेका: डोन डोको डोन डोको. डोनला उजवा, डोकोला उजवा-डावा. म्हणजे डोननंतर डाव्या हाताची जागा रिकामी आहे, डावा हात हलतो पण मारत नाही. ऐकायला सोप्पंय. पण ताशावाल्याला ती रिकामी जागा दिसली की राहवतच नाही, तो तिथे काहीतरी कोंबतोच, आणि कोंबलं की सगळ्यांची लय पळायला लागते. त्या मोकळ्या जागेला जपानी लोक ‘मा’ म्हणतात आणि ती वाजवलेल्या टोलाइतकीच मोजून घ्यायची असते. आम्ही पहिले तीन रविवार फक्त हेच केलं, कंटाळा आला, पण चौथ्या रविवारी पाचही जण एकदम थांबले आणि वॉचमन पण वळून बघायला लागला.

ग्रुप करायचा असेल तर चार टायर आणि तेलाचा १५ किलोचा डबा. डबा उलटा टाकून ताशाच्या काड्यांनी एकाने सतत तोच ठेका धरायचा, ते काम तिकडे शिमे नावाचा छोटा, चढ्या आवाजाचा ढोल करतो. वेगवेगळ्या साइझचे ढोल एकत्र वाजवायची ही आयडिया पण फार जुनी नाही बरं का, १९५१ मध्ये दाइहाची ओगुची नावाच्या जॅझ ड्रमरने नागानोतल्या ओकाया गावात ती सुरू केली. ओकाया, ओकायामा नाही, सिंहगड रोडच्या जपानी पद्धतीच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा संबंध ओकायामाशी, मी बरेच दिवस गल्लत करत होतो. आत्ताच्या ग्रुपमध्ये बघायचा तर १९८१ पासूनचा सादो बेटावरचा कोदो, त्यांच्याकडे नवीन पोरं दोन वर्षं बेटावर राहून शिकतात. व्हिडिओ बघताना हात नका बघू, पाय बघा.

मधेच ‘सोरे!’, ‘हा!’ असं ओरडायचं असतं, लाजू नका, मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडतोच की आपण.

शेवटी ओरोशी करा. एक टोल, मोठी गॅप, मग गॅप हळूहळू कमी करत जायचं, टोल एकमेकांत मिसळेपर्यंत, कोणी आकडे मोजायचे नाहीत, फक्त शेजारच्याची काठी खाली येताना बघायची. संपवताना एक मोठा डोन आणि काठ्या वरच धरून ठेवायच्या, आवाज पूर्ण विरेपर्यंत. टायरचा आवाज विरायला अर्धा सेकंद पण लागत नाही, तरी धरा.