दुसऱ्या घरातून आलेला पोपट: पहिले पंधरा दिवस

आफ्रिकन ग्रे हा राखाडी रंगाचा परदेशी पोपट ४० वर्षांहून जास्त जगू शकतो, त्यामुळे मालक बदलण्याची वेळ त्याच्यावर अनेकदा येते. असा पोपट घरी आणताना त्याचा जुना पिंजरा, जुनी दांडी, जुनी वाटी सगळं सोबत मागून घ्या. नवा चकचकीत पिंजरा नंतर घ्या. तो आपल्याला आवडतो, त्याला नाही.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकवा, म्हणजे त्याला पाठीमागची धास्ती राहत नाही. स्वयंपाकघरात मात्र अजिबात ठेवू नका: नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो. बाहेर काढताना पंखा बंद. घरात आधीच पक्षी असेल तर निदान महिनाभर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

खाणं आधीच्या घरचंच चालू ठेवा, भले ते नुसतं सूर्यफुलाचं बी असो. बदल नंतर, हळूहळू. रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पोपट आजार लपवतो, वजन लपवत नाही. दहा टक्के घटलं तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

हात पुढे करायची घाई नको. शेजारी बसून पेपर मोठ्याने वाचा, निघताना एक दाणा ठेवा.

आणि कागदपत्रं: आफ्रिकन ग्रेची सरकारी नोंदणी तुमच्या नावावर झाली पाहिजे. आपला देशी हिरवा पोपट पाळणं तर बेकायदाच आहे. तो कोणी देऊ केला तर वनविभागाला कळवा.